आपाला विचारा : शाबानमधली पत्रं

रजब संपत आला की माझ्याकडे एकाच जातीचे, रमजानच्या तयारीचे प्रश्न यायला लागतात आणि शाबान लागला की त्यांचा पूर येतो. आता तर पत्रं कमी आणि व्हॉइस नोटच जास्त, त्यातल्या काही तर सात सात मिनिटांच्या! (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शाबान म्हणजे रमजानच्या अगदी आधीचा महिना, आणि रजब त्याच्याही आधीचा.) नावं छापत नाही आणि गावंही नाही, कारण आमच्या कोकणात गाव सांगितलं की लोक घर ओळखतात. आणि दरवेळचंच परत सांगते, मी आलिमा, म्हणजे धर्माचं शिक्षण घेतलेली पंडित बाई नाही, शाळेत मुलं शिकवून रिटायर झालेली बाई आहे, मसल्याची, म्हणजे धर्माच्या नियमाची गोष्ट असेल तिथे तुमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचाराच.

आपा, अस्सलाम आलेकुम. वय 31, बँकेत नोकरी, दोन मुलं, घरात सासू-सासरे. दर वर्षी ठरवते की या रमजानमध्ये पूर्ण कुरआन वाचायचं, तरावी (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) सोडायची नाही, चिडायचं नाही. पहिले पाच-सहा दिवस मस्त जातात मग सगळं ढासळतं, शेवटचे दहा दिवस तर टेलरकडे आणि मार्केटमध्येच जातात. ईदच्या दिवशी रडू येतं की हाताला काहीच लागलं नाही. यावेळी आधीपासून तयारी करायचीये, कुठून सुरू करू?

वालेकुम अस्सलाम बेटा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, तुझे तर पाचच निघाले, पण यात तू एकटी नाहीस. कुठल्याही मशिदीत बघ, पहिल्या तरावीला बाहेर चपला ठेवायला जागा नसते आणि पंधराव्या रोजाला नमाजाच्या मागच्या दोन सफा (रांगा) मोकळ्या. याचं कारण इमान कमी वगैरे नसतं गं, कारण एवढंच की अकरा महिने जे अंग कधी हललंच नाही त्याला आपण एका रात्रीत धावायला लावतो.

तू विचारतेस कुठून सुरू करू, तर आधी हे बघ की रोजा आहे कशासाठी. कुरआनातल्या सूरह बकराच्या 183 व्या आयतीत ते एका शब्दात सांगितलंय, तकवा. हा शब्द आपण बयानात (मशिदीतल्या प्रवचनात) इतक्या वेळा ऐकलाय की आता कानावरून जातो. पैगंबरसाहेबांचे साथी हजरत उमर, त्यांनी दुसरे साथी हजरत उबई बिन काबना विचारलं होतं की तकवा म्हणजे काय, तर त्यांनी उलट विचारलं, काट्यांच्या वाटेनं कधी गेलायत का, मग काय केलंत? उमर म्हणाले, कपडे आवरले आणि जपून चाललो. उबई म्हणाले, तोच तकवा. करवंदं काढायला जाळीत शिरलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. म्हणजे रोजा ही पूर्ण महिनाभर जपून चालायची प्रॅक्टिस आहे, आणि जपून चालायचं तर आधी काटे कुठे आहेत ते माहीत पाहिजेत. तुझी तयारी म्हणजे तेच, आपले काटे शोधणं.

माझा काटा सांगते, जीभ. तरुणपणी मी रोजे कधी चुकवले नाहीत पण अस्रनंतर (संध्याकाळच्या आधीच्या नमाजानंतर) माझ्या वाटेला कोणी जायचं नाही, मुलं तर दुसऱ्या खोलीत पळायची. मग एकदा बुखारी या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांचं वचन, नीट वाचली, की जो खोटं बोलणं आणि त्याप्रमाणे वागणं सोडत नाही त्याच्या खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला काही गरज नाही. तेव्हा चर्र झालं. तेव्हापासून मी शाबानच्या सुरुवातीच्या सोमवारी किंवा गुरुवारी, जे रोज्यांचे सुन्नत (पैगंबरसाहेबांच्या रीतीचे) दिवस आहेत, एक-दोन रोजे ठेवते आणि त्या दिवशी पोटापेक्षा जिभेवर लक्ष ठेवते. संध्याकाळी मनातल्या मनात मोजते की आज कोणाची चुगली केली, कोणावर खेकसले. पहिल्या दिवशीचा आकडा सांगत नाही, मासिकात छापण्यासारखा नाही.

आता कुरआनचं. हिशोब सगळ्यांना पाठ आहे, कुरआनचे तीस पारे (भाग) तीस दिवस, एका पाऱ्याची साधारण वीस पानं, पाच नमाजांनंतर चार-चार पानं वाचली की पारा झाला. हिशोब बरोबरच आहे पण जिने वर्षभर मुसहफ (कुरआनची प्रत) उघडला नाही तिची जीभ चार पानांना पाऊण तास घेते आणि मग ती आठव्या दिवशी मागे पडते आणि मग लाजेनं सोडूनच देते. म्हणून आजपासून फजरनंतर (पहाटेच्या नमाजानंतर) एक पान, फक्त एक, आणि त्याचा मराठी नाहीतर उर्दू तर्जुमा (भाषांतर). आठवड्यानं दोन कर. पूर्ण कुरआन खतम (वाचून) झालं तर सुभानल्लाह, नाही झालं तर पंधरा पारे समजून वाचलेले मला तरी जास्त आवडतील. पैगंबरसाहेबांनी (स.) सांगितलंय की अल्लाहला तेच काम जास्त आवडतं जे थोडं का असेना पण रोज होतं. हे वाक्य किचनमध्ये डब्यावर चिकटवून ठेव.

आणि किचनचा विषय निघालाच तर, लोक मला विचारतात की समोसे करून फ्रीजरमध्ये भरणं ही काय रमजानची तयारी झाली का. मी म्हणते हो, झाली! इफ्तारच्या वेळी रोजेदाराची दुआ परत जात नाही असं आपण मुलांना शिकवतो आणि नेमकं त्या पंधरा मिनिटांत घरातली बाई कढईपुढे घामाघूम, बाकी सगळे हात वर करून बसलेत आणि ती झारा घेऊन. त्यामुळे पट्ट्या, सारण, आलं-लसूण जे काय वाटून ठेवायचं ते शाबानमध्ये उरक, ईदचे कपडे पण आत्ताच टेलरला दे, म्हणजे शेवटच्या दहा रात्री तुझ्या तुला मिळतील. फक्त घरच्यांना आत्ताच सांगून टाक की यावर्षी इफ्तारला खजूर, फळं आणि एकच तळणीचा पदार्थ. सासूबाई काय म्हणतील ते मला माहितीये, पण सांग. प्रेमानं सांग, आणि नवऱ्याला सांगायला लाव.

चहाचं राहिलंच, दिवसाला पाच कप पिणारी असशील तर आत्तापासून कमी करत ये, नाहीतर पहिल्या तीन रोज्यांची डोकेदुखी अख्ख्या घराला भोगावी लागते.

आपा, दोन बाळंतपणं लागोपाठ झाली, त्यात आणि पाळीचे धरून साधारण पन्नासेक रोजे बाकी आहेत, नक्की आकडा आठवत नाही. आता रमजान तोंडावर आलाय, खूप अपराधी वाटतं. नवीन रोजे कुठल्या तोंडानं ठेवू?

आधी तो अपराधी भाव बाजूला ठेव, बाळंतपण ही काय तू केलेली चूक नाही, सवलत अल्लाहनेच दिलीये. पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) स्वतः सांगतात की माझे रमजानचे सुटलेले रोजे मला शाबानमध्येच भरता यायचे. म्हणजे शाबानमध्ये कजा (सुटलेले, नंतर भरायचे) रोजे पूर्ण करणं ही घाईगर्दीतली पळवाट नाही, उम्मुल मोमिनीनांची, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या पत्नींची रीत आहे.

एक वही घे, अंदाजानं आकडा लिही, शंका असेल तर थोडा जास्तच धर, आणि जेवढे होतील तेवढे या महिन्यात ठेव. अंगावर पाजतेयस आणि झेपत नसेल तर ठेवू नकोस, ईदनंतर ठेव. नवीन रमजानचे रोजे मात्र जुन्यासाठी अडत नाहीत, ते त्या महिन्याचे त्या महिन्यातच ठेवायचे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आणि घाटावर बहुतेक हनफी (धर्मनियमांच्या दोन परंपरा), आणि आता लग्नं इकडून तिकडे होतात त्यामुळे सासर-माहेरचे मसले वेगळे पडतात आणि बायका गोंधळतात. शाफईंकडे काही कारण नसताना कजा पुढच्या रमजानपलीकडे नेली तर रोजा तर भरायचाच शिवाय प्रत्येक रोज्यामागे एक मुद्द धान्य, म्हणजे भरलेली एक ओंजळ, गरिबाला द्यायचं. हनफींकडे फक्त रोजा. गरोदरपणात फक्त बाळाच्या काळजीनं सोडलेल्या रोज्यांचंही असंच थोडं वेगळं आहे. तसंच पंधरा शाबाननंतर शाफई लोक नफिल (ऐच्छिक) रोजे नव्यानं सुरू करत नाहीत, पण कजाला ती आडकाठी नाही, ते तू रमजानच्या आदल्या दिवसांपर्यंत ठेवू शकतेस. नियत (मनातला इरादा) पण बघ, शाफईंमध्ये प्रत्येक फर्ज (सक्तीच्या) आणि कजा रोज्याची नियत आदल्या रात्रीच, फजरच्या आत झाली पाहिजे, हनफींमध्ये रमजानच्या रोज्याला दुपार व्हायच्या आतपर्यंत मुभा आहे. तुझं कुठलं ते इमामसाहेबांना विचारून घे आणि एकाच ठिकाणी विचार, पाच ठिकाणी विचारून सोपं ते उचलायचं नाही.

भावाशी वडिलोपार्जित घराच्या हिश्श्यावरून चार वर्षं बोलणं बंद आहे. चूक त्याची आहे. रमजानच्या आधी दिल साफ करा असं सगळे म्हणतात, पण मी का नमतं घेऊ?

भाईसाहेब, चूक त्याची असेलही, मी काय तुमच्या सात-बाऱ्यावर बोलणार नाही. पण हिस्सा आणि सलाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिश्श्यासाठी भांडा, वकील करा, पंच बसवा, तुमचा हक्क आहे. सलाम मात्र तीन दिवसांच्या वर तोडायची मुभा नाही, आणि त्याच हदीसमध्ये आहे की दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो. चूक कोणाची ते तिथे विचारलेलंच नाही.

आणि कृपा करून तो फॉरवर्ड पाठवू नका. दर वर्षी शबे बरातच्या (शाबानच्या पंधराव्या रात्रीच्या) संध्याकाळी येतो ना, गुलाबाचं चित्र आणि खाली 'जाणते अजाणते दिल दुखावलं असेल तर माफ करा', तो अडीचशे लोकांना एकदम जातो आणि ज्याचं दिल खरोखर दुखावलंय त्या एकाला वगळून जातो. फोन लावा. नाही उचलला तर परत लावा. घराचा विषय त्या फोनवर काढायचा नाही, तब्येत विचारायची, वहिनींची चौकशी करायची, बस. कबरस्तानात वालिदसाहेबांच्या कबरीवर जाणारच असाल तर त्यालाही म्हणा, चल बरोबर.

अब्बांचं वय 72, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. डॉक्टर नाही म्हणतात, ते ऐकत नाहीत. गेल्या वर्षी दुपारी चक्कर येऊन पडले.

यात मला दोन मतं वाटतच नाहीत. आजाऱ्याला सवलत सूरह बकराच्या त्याच आयतीच्या लगेच पुढच्या आयतींमध्ये आहे, आणि बरं होण्याची आशाच नसेल तर रोज्यामागे एका गरिबाचं जेवण, फिदया. सवलत घेणं म्हणजे हुकूम मोडणं नव्हे, दोन्ही एकाच ठिकाणाहून आलंय. डॉक्टरांकडे मात्र रमजान महिना-दोन महिन्यांवर असतानाच घेऊन जा, ऐन चाँदरातीला, म्हणजे रमजानचा चाँद दिसतो त्या रात्री नको. पण मला वाटतं त्यांचं दुखणं वेगळं आहे, सगळं घर सहेरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला) उठतं आणि त्यांना कोणी उठवत नाही. उठवा. दस्तरखानावर सोबत बसवा, फिदयाचे पैसे त्यांच्याच हातानं द्यायला लावा, नातवाला पारा शिकवायचं काम त्यांच्याकडे द्या. जमेल तशी तरावी बसून पढू देत.

ताई, मी तुमचा कॉलम नेहमी वाचते, आम्ही हिंदू. ऑफिसमधली माझी मैत्रीण रोजे ठेवते. तिच्यासमोर डबा खाल्ला तर चालतं का? आणि तिच्याबरोबर मीही एक दिवस केला तर?

अगं खुशाल खा, ती काय लहान मूल नाही डबा बघून रडायला, उलट तू लपूनछपून खाल्लंस तर तिलाच ऑकवर्ड होईल. एक दिवस करून बघायचा असेल तर कर, पण हे आषाढी-एकादशीसारखं नाही, साबुदाणा सोड, पाण्याचा घोटही नाही, म्हणून सहेरीला भरपूर पाणी पिऊन घे. तिला खरी मदत करायचीच असेल तर सहा वाजताची मीटिंग दुपारी घ्यायला सांग बॉसला.

आणि घरी इफ्तारला बोलावलं तर ट्रॅफिकचा अंदाज धरून वेळेच्या दहा मिनिटं आधी पोच, कारण अजान झाली की खजूर तोंडात जातो, आमच्याकडे त्या वेळी पाहुण्यांसाठी कोणी थांबत नाही.