कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट कधी एक होतील का? आणि कॅथलिक माणसाने आपली श्रद्धा सार्वजनिक जीवनात किती आणावी?

तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारलेत. लोक ते वेगवेगळे समजतात. माझ्या आयुष्यात मात्र ते एकाच गृहस्थांमुळे एकत्र आले, म्हणून लिहितो आहे.

मी धर्मगुरू नाही, ईशज्ञानाचा अभ्यासकही नाही. संसारी माणूस आहे. माझी बायको प्रॉटेस्टंट. आमचं लग्न रीतसर परवानगी घेऊन चर्चमध्ये लागलं. तिचा बाप्तिस्मा आमची ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, खरा मानते, तो पुन्हा द्यायचा प्रश्नच येत नाही. तरी मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तप्रसादाची (वेदीवरची पवित्र भाकर घ्यायची) वेळ आली की मी रांगेत लागतो आणि कॅथलिक नसल्यामुळे ती बाकावर बसून राहते. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणाची मला सवय झालेली नाही, आणि होऊ नये असंच वाटतं.

माझे सासरे वारले तेव्हा त्यांच्या चर्चमध्ये उपासना झाली. पाळकांनी मला शास्त्रपाठ वाचायला सांगितलं. बायबल सासऱ्यांचंच होतं. रोमकरांस पत्राचा 8वा अध्याय उघडला, तर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात नावं आणि तारखा. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याचं नाव ते तिथे टिपून ठेवत असत. त्यात माझंही नाव होतं, आमच्या लग्नाच्या आधीच्या तारखेसह. या लग्नाला त्यांचा विरोध होता हे मला ठाऊक होतं. त्याच दिवसांत ते माझ्यासाठी प्रार्थनाही करत होते, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. कसाबसा पाठ पुरा केला.

पुढच्या रविवारी आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला मिस्सानंतर बाजूला घेतलं. "तू म्हणे त्यांच्या चर्चमध्ये उभा राहून वाचलंस. उद्या पोरं विचारतील, मग सगळं सारखंच का? काय सांगशील त्यांना?"

मी म्हटलं, "काका, माझे सासरे होते ते. आणि यात नियम मोडलेला नाही." खरंच मोडलेला नव्हता. ख्रिस्ती ऐक्यासाठी व्हॅटिकनने 1993 साली काढलेल्या मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलंय की दुसऱ्या ख्रिस्ती समाजाच्या उपासनेत यजमानांनी बोलावलं तर कॅथलिकाने शास्त्रपाठ वाचायला हरकत नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1964 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ऐक्यावरचा दस्तऐवज काढला. त्यात फुटीचा दोष दोन्ही बाजूंच्या माणसांवर ठेवलाय आणि ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना करणं इष्ट म्हटलंय. यावर काका म्हणाले, "ते सगळं कागदावर. आपण आपलं वेगळेपण जपायचं."

ठीक आहे, म्हटलं. वयाने मोठे आहेत.

मग निवडणूक आली. हेच काका एक टाइप केलेला कागद घेऊन आमच्या दारात उभे. अमुक उमेदवाराला आम्हा सर्व ख्रिस्ती बांधवांचा एकमुखाने पाठिंबा आहे, असा मजकूर. खाली नावांची यादी आणि सहीसाठी मोकळी जागा. माझं नाव आधीच टाइप केलेलं होतं, आणि त्याच्याखाली माझ्या बायकोचं. जिच्या वडिलांच्या शवपेटीजवळ मी चार ओळी वाचल्या म्हणून आमचं वेगळेपण धोक्यात आलं होतं, तीच आता "सर्व ख्रिस्ती बांधवां"त होती.

बायकोने कागद वाचला, पेन मागून घेतलं, आपल्या नावावर सरळ रेघ मारली आणि चहा टाकायला आत गेली. मी सही केली नाही. काका चिडले. "ऐन वेळी ऐक्य मोडतोस तू!" त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं ते अजून संपलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना एकत्र प्रार्थना चालत नाही, त्यांना एकगठ्ठा मतं मागायचा अधिकार नाही. प्रभू येशूने योहानाच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात "ते सर्व एक व्हावेत" अशी प्रार्थना केली, ती जगाने विश्वास ठेवावा म्हणून. उमेदवाराला आपलं वजन दाखवण्यासाठी केली नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. श्रद्धा घरात ठेवून बाहेर पडायचं, हे मला मान्य नाही आणि ख्रिस्तसभेलाही नाही. परिषदेच्या 1965 च्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात श्रद्धा आणि रोजचा व्यवहार यांतल्या फारकतीला आपल्या काळातल्या गंभीर चुकांमध्ये गणलंय. मी कामावर खोटं बिल पास करत नाही, त्यामागे माझी श्रद्धाच आहे, आणि तसं सांगायला मला लाज वाटत नाही. कायदा गरिबाच्या मुळावर येत असेल तर मी ख्रिस्ती म्हणूनच बोलेन. पण कोणता उमेदवार बरा, कोणता कर योग्य, यावर दोन चांगले कॅथलिक विरुद्ध टोकांना असू शकतात. तोच दस्तऐवज पुढे म्हणतो की अशा वेळी आपल्या मताला ख्रिस्तसभेचा अधिकार कोणी चिकटवू नये. कॅनन कायद्याचं, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्याचं, कलम 227 तर थेट आम्हा प्रापंचिकांसाठीच, धर्मगुरू नसलेल्यांसाठीच आहे. ऐहिक बाबतीत आम्हाला इतर नागरिकांइतकंच स्वातंत्र्य आहे, मात्र स्वतःचं मत ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून पुढे करायचं नाही. मी काकांना हे कलम छापून दिलं होतं.

सार्वजनिक जीवनातल्या कॅथलिकांचं नाव निघालं की थॉमस मोर आठवतो. इंग्लंडचा चान्सलर. राजाला चर्चचा प्रमुख मानायची शपथ घेतली नाही म्हणून 1535 साली त्याचं डोकं उडवलं. 2000 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला राजकारण्यांचा आश्रयदाता संत घोषित केलं. त्याने स्वतःच्या विवेकासाठी जीव दिला, पण ज्यांनी शपथ घेतली त्यांच्या विवेकाला हात लावला नाही, हे मला फार मोठं वाटतं. माझी बायको लगेच आठवण करून देते की तो चान्सलर असताना प्रॉटेस्टंट मतासाठी माणसं जाळली गेली. तेही खरंच आहे. ऐक्याची गोष्ट करायची तर दोन्ही सांगावं लागतं.

एक होतील का? काही गोष्टी झाल्यात, त्या लोकांना माहीत नसतात. 1054 मध्ये रोम (कॅथलिक) आणि कॉन्स्टँटिनोपल (ऑर्थोडॉक्स) यांनी एकमेकांवर घातलेले बहिष्कार 1965 साली दोघांनीही रद्द केले. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरशी ज्या मुद्द्यावर सगळं फाटलं, माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, त्यावर कॅथलिक आणि लूथरन यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. पुढे 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली रिफॉर्म्ड ही प्रॉटेस्टंट चर्चेस त्यात सामील झाली. अडलंय ते ख्रिस्तप्रसाद, धर्मगुरूपदाची दीक्षा आणि पोपचं पद इथे. पोपपदाबद्दल तर जॉन पॉल दुसरे यांनी 1995 मध्ये स्वतःच इतर चर्चेसच्या नेत्यांना विचारलं होतं की हे पद सर्वांना सेवा वाटेल अशा रीतीने कसं चालवता येईल, त्याचा माझ्याबरोबर विचार करा. माझ्या हयातीत सगळं जुळेल असं मला वाटत नाही. बायकोला वाटतं.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. वरचं वाचून मी "सगळ्यांनी उद्यापासून एकत्र ख्रिस्तप्रसाद घ्यावा" म्हणतोय असं समजू नका. कॅनन कायद्याच्या कलम 844 प्रमाणे त्याला फार मोजकी मोकळीक आहे आणि ती मी पाळतो. मनात एकी नसताना ती वेदीवर दाखवायची, हे मला पटत नाही. दुसरं, सार्वजनिक जीवनाबद्दल मी बोललो ते प्रापंचिकांपुरतं. धर्मगुरूंना सत्तेची सरकारी पदं घ्यायला कॅनन कायद्यानेच मनाई आहे, आणि ते योग्य आहे.

तुम्ही स्वतः कॅथलिक असाल तर 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. तुमच्या फादरांना विचारा की शेजारच्या चर्चबरोबर आपण एक संध्याकाळ प्रार्थना करतो का. करत नसतील तर तुम्ही पुढाकार घ्या, त्यासाठी समितीत असावं लागत नाही. आणि कोणी "सर्व ख्रिस्ती" असा कागद सहीला आणला, तर आणणाऱ्याला आधी विचारा की त्या प्रार्थनेला तुम्ही होता का. आमच्याकडच्या प्रार्थनेला काकांना मी दरवर्षी फोन करतो. अजून ते आलेले नाहीत. येत्या जानेवारीतही करणार आहे.