स्ट्रोकनंतर आईला साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण आरती अख्खी म्हणते. असं कसं? आणि आरतीतून बोलणं परत येईल का?

होतं असं, आणि ती नाटक करत नाहीये, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगून टाका. का, ते खाली येतंच आहे.

माझ्या बाबांना चार वर्षांपूर्वी स्ट्रोक आला. डावा मेंदू, म्हणजे उजवा हात गेला आणि वाचाही. उरला एकच शब्द, 'तेच'. चहा हवाय, तेच. पंखा बंद कर, तेच. फारच डोकं फिरलं तर एक कचकचीत शिवी, ती मात्र एकदम स्वच्छ. नंतर वाचलं की पॅरिसजवळ बिसेत्रच्या हॉस्पिटलात असाच एक पेशंट होता, लबोर्न्य, २१ वर्षं फक्त 'टॅन टॅन' म्हणायचा आणि चिडला की शिवी सुटायची, १८६१ ला तो गेल्यावर ब्रोका नावाच्या डॉक्टरने मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढचा भाग खराब.

तर त्या वर्षी गणपतीत आरती सुरू झाली आणि बाबा खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या हाताने मांडीवर ताल धरून म्हणायला लागले. शब्द न शब्द, पार मंत्रपुष्पांजलीपर्यंत. आई टाळ वाजवायचीच थांबली. मग ताट पुढे आलं, बाबांनी बोट दाखवलं, तोंड उघडलं आणि काय, 'तेच'. मी हळूच "मो..." म्हटलं तर "मोदक" आलं! दोन मिनिटांनी परत विचारलं तर गायब. तेवढ्यात आमचे काका सगळ्यांदेखत, "म्हणजे येतंय की दादाला बोलायला, लाड चाललेत नुसते." हेच काका महिनाभर आधी म्हणत होते की दादाचं डोकं गेलंय, गावच्या जमिनीचं त्याला काय विचारायचं. अरे मग एक काय ते ठरवा ना!

आरती, पाढे, वार, शिव्या हे सगळं पाठांतर एका गठ्ठ्याने बाहेर पडतं, त्यात शब्द शोधावा लागत नाही. 'पाणी' मागताना तो शोधून, जुळवून, जिभेवर आणावा लागतो आणि नेमकं तिथेच अडतं. चालीला उजवा मेंदूही हात देतो म्हणतात, किती ते तज्ज्ञांमध्येही एकमत नाही.

आणि शब्द गेले म्हणजे विचार गेला हे साफ चूक. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये अफेजियाच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा गेलेल्या, तीन पेशंटना तपासलं होतं, सिंहाने माणसाला मारलं की माणसाने सिंहाला हे त्यांना वाक्यातून कळेना, पण वजाबाकी बरोबर, कशातून काय वजा करायचं त्यासकट. आमचे बाबा आजही पाच-तीन-दोनमध्ये मला हरवतात, पानं एका लाकडी पट्टीच्या खाचेत लावून. हुकूम बोलता येत नाही, पान आपटून दाखवतात. डोकं गेलेला माणूस हात मोजतो का?

आरतीतून बोलणं येईल का, तर नुसती आरती म्हणून नाही, आमच्याकडे तरी नाही आलं. छोटी वाक्यं चालीत, डाव्या हाताने ताल देत म्हणून घ्यायची एक थेरपी १९७० च्या दशकात अमेरिकेत निघाली, आमच्या स्पीच थेरपिस्टने "पाणी दे" तसं करून घेतलं, ते येतं आता. सगळ्यांना लागू पडत नाही. आणि हो, हे मी समजून घेता येतं पण बोलता येत नाही अशा पेशंटबद्दल लिहिलंय, काहीजण भरभर बोलतात पण अर्थ लागत नाही आणि समोरच्याचं समजतही नाही, ते वेगळं प्रकरण, आईचं नक्की कोणतं ते थेरपिस्टकडून तपासून घ्या, माझ्यावर जाऊ नका.

तोवर तिला हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, ओरडू नका, बहिरी नाहीये ती. आणि घर-जमिनीचं काहीही असो, तिच्यासमोर बसून तिला विचारूनच करा. आम्ही काकांसमोर बाबांना सातबारा दाखवून विचारलं होतं, विकायची? बाबांनी मान हलवली, नाही. वर ती शिवी पण दिली.