किट लेन्सनंतर मुलाच्या फोटोंसाठी ८५ मिमी पोर्ट्रेट लेन्स घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तीन वर्षांचा आहे, कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (जुन्या फिल्मएवढ्या 'फुल फ्रेम' सेन्सरपेक्षा लहान) आहे, सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळालेली) आहे आणि बहुतेक फोटो घरातच निघतात. मग आधी ५० मिमी एफ/१.८ घ्या. (मिमीचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ येतं, एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त उजेड घेते.) माझ्याकडे दोन्ही लेन्स आहेत आणि ८५ वर माझा जीव आहे, तरीही एवढ्या लहान पोराच्या घरात पहिली लेन्स म्हणून मी ती सुचवणार नाही.

कारण फुटांत सांगते. क्रॉप सेन्सरवर ८५ लावून एक मीटर उंचीचं मूल डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून, उभ्या फ्रेममध्ये घ्यायचं तर तुम्हाला जवळजवळ १४ फूट मागं सरकावं लागतं. ५० ला तेच काम साडेआठ फुटांत होतं. आता आपल्या खोल्या बघा. इथं कोल्हापुरात राजारामपुरीतला फ्लॅट घ्या नाहीतर मंगळवार पेठेतलं जुनं घर, खोली असते १० बाय १२ ची. पाठ भिंतीला टेकली तरी ८५ मध्ये पोरगं पायापर्यंत मावत नाही. चेहरा मिळतो, पण या वयाचं मूल चेहऱ्याइतकंच हातापायांनी बोलतं. उकिडवं बसून मुंग्यांची रांग बघणं, बाबाच्या चपला उलट्या घालून चालणं, याला अख्खं मूलच फ्रेममध्ये लागतं.

दुसरी अडचण जवळ येण्याची. बहुतेक ८५ एफ/१.८ लेन्स ८०-८५ सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाहीत. "आई, हे बघ की" म्हणत लेक हातातलं फूल घेऊन माझ्याकडं येते, तो क्षण या अंतराच्या आतला असतो. कॅननची ५० एफ/१.८ एसटीएम ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ येते. (कॅननच्याच आरएफ मालिकेतली ८५ एफ/२ मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारी) असल्यामुळं तितकीच जवळ येते. तुमचा कॅमेरा कॅननचा, आरएफ लेन्स घेणारा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर तिचा विचार करता येईल.)

चेहरा कसा दिसतो, याबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो की ८५ नं चेहरा आपोआप सुंदर येतो. चेहऱ्याची ठेवण ठरते ती तुम्ही किती अंतरावर आहात त्यावरून. दोन फुटांवरून १८ मिमीनं काढलात तर नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसणारच. पाच-सहा फुटांवर बसा, कुठल्याही लेन्सनं चेहरा जसा आहे तसा येतो. क्रॉपवर ५० लावली की तुम्ही आपसूक त्याच अंतरावर जाता, कारण ती फुल फ्रेमवरच्या ७५-८० सारखी वागते.

आता उजेड. तुमची किट लेन्स ५५ ला झूम केली की एफ/५.६ वर येते. एफ/१.८ वर सेन्सरवर पडणारा उजेड त्याच्या साडेनऊ-दहा पट असतो. आमच्याकडं जून ते सप्टेंबर दुपारी तीनलासुद्धा घरात दिवा लावावा लागतो. अशा दिवशी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ला किट लेन्स १/५० सेकंदाचं शटर देत असेल, तर तिथंच ५० एफ/१.८ ही १/५०० देते. १/५० ला टाळी वाजवणारे हात धुरासारखे येतात, १/५०० ला बोटं मोजता येतात. लेन्स बदलून खरा फायदा कुठं झाला म्हणाल तर इथं.

पण म्हणून कायम एफ/१.८ वर ठेवू नका. पाच फुटांवरून ५० मिमी एफ/१.८ ला साधारण ६ सेंटिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. त्याच अंतरावर ८५ ला जेमतेम २ सेंटिमीटर. म्हणजे एका डोळ्याची पापणी स्पष्ट आणि मान जरा वळलेली असेल तर दुसरा डोळा पुसट. आणि तीन वर्षांचं मूल तेवढं तर श्वास घेताना हलतं. माझं नेहमीचं काम एफ/२.८ वर चालतं. शटर १/२५० च्या खाली येऊ देत नाही, आयएसओ ऑटोवर, फोकस कंटिन्युअस (हलत्या मुलामागं आपोआप सरकणारा), आणि कॅमेरा डोळा ओळखत नसेल तर एकच पॉइंट, जवळच्या डोळ्यावर.

मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं असावं, ही हौस पोर्ट्रेट लेन्स घेतल्यावर सगळ्यांना असते. मला वाटतं मुलांच्या फोटोत ती लवकर आवरावी. रविवारी सकाळी माझ्या सासूबाई लेकीच्या डोक्याला तेल घालतात, दारात बसून, कारण बाहेरच्या पत्र्याखालून येणारा उजेड तिथं मऊ पडतो. "आजी, दुखतंय की!" "गप बस, झालंच." मी समोर जमिनीवर मांडी घालून बसते, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. एफ/१.८ ला तिचे घट्ट मिटलेले डोळे आणि कपाळाला चिकटलेल्या बटा फार देखण्या येतात, पण आजीची बोटं विरघळतात आणि बांगड्यांचे नुसते पिवळे गोल उरतात. एफ/४ ला स्पष्ट भाग १४ सेंटिमीटरच्या आसपास जातो. मग कानामागून उतरणारा तेलाचा ओघळही दिसतो, भांग पाडणारं बोटही दिसतं आणि त्या बोटावरची सुरकुतीसुद्धा. हे दोन्ही फोटो मी मोठे करून घेतले. भिंतीवर एफ/४ चा आहे. पंचवीस वर्षांनी लेकीला हे आजीचे हात बघायचे असतील.

दुकानात काउंटरवर लावून बघितल्यानं लेन्स कळत नाही. ५० साठी तर काही न घेताच परीक्षा होते. किट लेन्स ५० वर फिरवा, झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर घरात तशीच वापरा. सारखी पट्टी काढावीशी वाटली तर तुम्हाला ५० सुद्धा लांब पडते आणि ३५ बघायला हवी. ८५ साठी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारा. सीझन नसताना लेन्स एक-दोन दिवस द्यायला ते सहसा नाही म्हणत नाहीत, आणि मोठ्या गावांत भाड्यानंही मिळते. आणलीत की नटूनथटून बसवलेल्या मुलाचे फोटो काढू नका. जेवताना, अंघोळीनंतर, भावंडांशी भांडताना काढा. शिवाय ट्यूबलाइटखाली काढा आणि पायातल्या पैंजणांवर उन्हात एकदा फोकस करून बघा. एफ/१.८ ला चांदीच्या कडांवर जांभळी-हिरवी किनार येते. एफ/२.८ ला ती बरीच कमी होते. मला तिचा त्रास वाटत नाही, पण काहींना आयुष्यभर खटकते, तेव्हा आधीच बघितलेलं बरं.

८५ चं खरं राज्य घराबाहेर. संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर पोरं पळत असतात, सूर्य तलावापलीकडं उतरत असतो. मी १५-१६ फुटांवर बसते. एवढ्या अंतरावर पाच मिनिटांत कॅमेरा कुणाच्या ध्यानात राहत नाही. दाताखाली कणीस, गालाला मीठ-लिंबू, चुलतभावाशी काहीतरी गंभीर चर्चा, असे भाव जवळ जाऊन कधीच मिळत नाहीत, कारण जवळ गेलं की लेक कॅमेऱ्याकडं बघून शाळेत शिकवलेलं हसू हसते. तिथं एफ/२.८ लाही एक फुटाहून थोडा जास्त भाग स्पष्ट राहतो, म्हणजे पळतं पोरगं हातचं जात नाही. शटर १/१००० ठेवा. सूर्य तिच्या पाठीमागं असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, आकाश पांढरं झालं तरी चालेल, चेहरा काळा पडू देऊ नका. लेन्सपुढं हूड (तिरका उजेड अडवणारी कड) लावाच. मूल पाच-सहा वर्षांचं झालं, मैदानावर रमायला लागलं की ही लेन्स घ्या, तेव्हा तिचे पैसे वसूल होतात.

सेकंडहँड घेणार असाल तर दोन गोष्टी पाहा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांना जुनी ५० एफ/१.८डी लावली तर हातानं फोकस करावा लागतो, आणि पळत्या मुलामागं ते जमत नाही. एएफ-एस लिहिलेली (आत मोटर असलेली) लेन्सच घ्या. दुसरी गोष्ट बुरशी. आपल्याकडच्या पावसात चामड्याच्या पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, त्यांनी फोटोत फरक पडत नाही. घरी आणल्यावर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओल धरतात, पावसाळ्यात त्या मधूनमधून बदला. आणि मुख्य म्हणजे लेन्स वापरात ठेवा. कपाटात बंद राहिलेल्या लेन्सलाच बुरशी लवकर धरते.