सोसायटीच्या बागेखाली गॅस साठवायला कोणाची परवानगी लागते?

घोडबंदर रोडच्या तुमच्या सोसायटीत बागेखाली गॅस साठवायचं चाललंय, म्हणून आधी एक फरक सांगतो. पाइप गॅस म्हणजे नैसर्गिक वायू. तो सोसायटीत साठवत नाहीत, नळीतून थेट येतो. जमिनीत पुरतात ती एलपीजीची टाकी. तिची पाणी-क्षमता, म्हणजे काठोकाठ भरल्यास मावणारं पाणी, 1000 लिटरच्या वर असेल तर दाबाच्या टाक्यांचे 2016 चे केंद्रीय नियम लागू होतात. आधी नकाशाला पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची मंजुरी, मग टाकी, चाचणी आणि शेवटी परवाना. अग्निशमन दलाचा दाखला वेगळा.

खरं घोडं अडतं ते सुरक्षित अंतरावर: इमारत आणि कुंपणापासून टाकी किती लांब, हे नकाशावर स्वतः मोजा. बिल्डर 'अर्ज केलाय' म्हणाला तरी परवाना हातात आल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. शेजारीच माणसं राहतात.