लिफ्ट केलेली गाडी, नाकारलेला क्लेम आणि घरी पडलेल्या ओरिजिनल स्प्रिंगा

एका वाचकाचा लांबलचक मेल आलाय, त्याचा गाभा सांगते. यांनी फोर बाय फोर गाडी घेतली, वर्षभर जशी आली तशीच चालवली, मग एका मॉडिफिकेशनवाल्याकडून तीन इंचांचं लिफ्ट करून घेतलं, म्हणजे गाडी तेवढी उंच करून घेतली. लांब कॉइल स्प्रिंगा, वर स्पेसर, नवे शॉक आणि त्याला शोभतील असे मोठे टायर. बिलावर त्यानं लिहून दिलं ‘सस्पेन्शन दुरुस्ती’, म्हणे असं लिहिलं की पुढं कटकट नको. नंतर सत्तरच्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागलं, गॅरेजवाला म्हणाला बॅलन्सिंग करून घ्या. मग एकदा पावसात बाईक आडवी आली, यांनी गाडी वळवली, ती दुभाजकावर चढली आणि बाईकवाल्याचा पाय मोडला. एफआयआर झाला, गाडी जप्त होऊन कोर्टातून सुटली. विमा कंपनीनं स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम ‘वाहनात अनधिकृत फेरफार’ एवढ्या एका ओळीत नाकारला, आणि बाईकवाल्यानं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केस टाकली, त्याची नोटीस घरी आली. आता तक्रारीनंतर कंपनी दुसरा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, पाठवायला तयार झालीय आणि यांचा प्रश्न असा की ‘ओरिजिनल स्प्रिंगा घरीच आहेत, तो यायच्या आत गाडी स्टॉक, म्हणजे मूळची होती तशी, करून टाकली तर? बिलावर लिफ्टचा उल्लेखच नाहीये.’

नाही. अजिबात करू नका, आणि गॅरेजवाल्याला फोनवर ‘काय करूया’ असं विचारतही बसू नका, ते रेकॉर्डिंग उद्या कुणाकडं निघेल सांगता येत नाही.

दादा, तुमची गाडी आता फक्त तुमची राहिलेली नाही, ती पुरावा आहे. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षकानं ती तपासली असणार, पोलिसांचे फोटो आहेत, पहिल्या सर्व्हेअरचे फोटो आहेत, आणि पिवळ्या शॉकवर मोठ्या अक्षरात किटचं नाव आहे हे तुम्हीच पाठवलेल्या फोटोत दिसतंय. कोर्टानं गाडी ताब्यात देताना तुमच्याकडून जो बॉन्ड घेतला तो काढून वाचा, गाडीत फेरफार करायचा नाही अशी अट त्यात बहुतेक वेळा असतेच. स्प्रिंगा बदलल्या तर आत्ता जो विम्याचा वाद आहे त्यात पुरावा नाहीसा करणं आणि फसवणूक अशी दोन प्रकरणं नव्यानं जोडली जातील, भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम २३८ आणि ३१८ आहेत. आणि गंमत म्हणजे एवढं करून फायदाही नाही, कारण पहिल्या सर्व्हेअरचा रिपोर्ट कंपनीकडं आधीच आहे. ते ‘सस्पेन्शन दुरुस्ती’चं बिलही क्लेमच्या कागदांत ‘लिफ्ट नव्हतीच’ हे दाखवायला पुढं करू नका. बिल पैसे दिल्याचा पुरावा म्हणून जपा, तेवढ्यापुरतंच.

आता लिफ्ट कायदेशीर होती का, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्यानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. तुम्ही लिहिलंय की आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नाही मग वेगळं काय झालं. हा युक्तिवाद बरेच जण करतात, मीही करून बघीन वेळ आली तर, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं करता येत नाही, कारण गाडीचा प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, तसाच तपासून मंजूर झालेला असतो. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए नव्यानं लिहिलं गेलं, त्याच्या पोटकलम ४ मध्ये रेट्रोफिटिंगचा, म्हणजे नंतर भाग बसवण्याचा, शब्दच घातलाय, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागं’ हे लक्षात घ्या, स्प्रिंगा एक आणि टायर दुसरा असं कुणी मोजलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. किटच्या खोक्यावर ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ छापलेलं होतं म्हणता, त्यानं तुमचं काही वाचत नाही, उलट विकणारा ते दाखवून म्हणेल बघा आम्ही सांगितलं होतं. नंबर प्लेट लावून सार्वजनिक रस्त्यावर आणली की गाडी रस्त्यावरचीच.

पण, आणि हा पण मोठा आहे, लिफ्ट बेकायदा होती म्हणून विमा कंपनीची सगळी जबाबदारी आपोआप संपली असं होत नाही. लोक इथंच घाबरून चुका करतात.

आधी बाईकवाल्याचा दावा घेऊ कारण खरा मोठा आकडा तिथं येऊ शकतो. तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्यात कंपनीला कोणत्या कारणांनी हात वर करता येतात ते कायद्यातच मोजून दिलंय, पूर्वी कलम १४९ होतं, दुरुस्तीनंतर १५०. लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं, शर्यत, परमिट नसताना भाड्यानं चालवणं अशी ती यादी आहे, लिफ्ट किट त्यात नाही. एक फट मात्र आहे, महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी मिळवली असं कंपनी म्हणू शकते. म्हणून मला तुमच्याकडून पहिली गोष्ट हवी ती तारीख: लिफ्ट आधी की शेवटचं रिन्युअल आधी? लिफ्टनंतर रिन्यू केली असेल तर फॉर्ममध्ये मॉडिफिकेशनबद्दल काही विचारलं होतं का आणि तुम्ही काय टिक केलं, तो फॉर्म कंपनीकडून लेखी मागवा. एजंटनं परस्पर भरला असेल तर तेही सांगा. आणि अगदी अट मोडली असं धरलं तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून भूमिका अशी की अटभंग मालकाच्या निष्काळजीपणानं झाला आणि तो अपघाताला कारण ठरण्याइतका मूलभूत होता हे कंपनीनं सिद्ध करायचं. तेही जमलं तर बऱ्याचदा आदेश होतो की जखमीला कंपनीनं आधी द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. म्हणजे बाईकवाला उपाशी राहत नाही, पण वसुली तुमच्या दारात येऊ शकते, हा धोका तुम्हाला माहीत असलेला बरा.

त्यामुळं न्यायाधिकरणाच्या तारखेला हजर राहा, वकील लावा, लायसन्स आणि पॉलिसीची कॉपी लावून लेखी म्हणणं द्या. ‘कंपनी बघून घेईल’ म्हणून घरी बसलेले मालक मी खूप पाहिलेत, त्यांच्याविरुद्ध एकतर्फी निकाल होतो आणि मग अपिलात धावपळ.

स्वतःच्या गाडीचं नुकसान हा वेगळा विषय. इथं कायद्यातली यादी नाही, इथं पॉलिसीचा करार आहे आणि त्यात वाहन सुस्थितीत ठेवायची अट असते, त्यामुळं कंपनीची बाजू जरा जड. तरी नकाराचं पत्र एका ओळीचं आहे हे तुमच्या पथ्यावर पडलंय. फेरफारामुळं अपघात कसा झाला याचा एक शब्द त्यात नाही, आणि पत्रात नसलेली कारणं कंपनीला नंतर कोर्टात नव्यानं काढता येत नाहीत, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. शिवाय अटभंग झाला तरी पूर्ण नकार न देता ठरावीक टक्के कापून क्लेमच्या साधारण ७५ टक्क्यांपर्यंत पैसे द्यावेत असं २००८ च्या नितीन खंडेलवाल आणि २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणात झालंय, दुसऱ्यात तर गाडी भाड्यानं दिलेली असताना अपघात झाला होता. पण ते अटभंग नुकसानीचं कारण नव्हते, हा फरक कंपनीचा वकील पहिल्याच मिनिटाला दाखवणार.

म्हणजे सगळं येऊन थांबतं एका प्रश्नावर, गाडी दुभाजकावर का गेली? बाईक आडवी आल्यामुळं की तुमच्या फोटोत तुटलेला दिसतो तो पॅनहार्ड रॉडचा (अॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) ब्रॅकेट आधीच तुटल्यामुळं?

मी मेकॅनिक नाही पण अशा केसेसमुळं थोडं शिकावं लागतं. सॉलिड अॅक्सलची, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या अखंड दांड्यावर असलेली, गाडी उचलली की पॅनहार्ड रॉड तिरका होतो, अॅक्सल एका बाजूला सरकतो, कास्टर अँगल (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा मागं झुकलेला कोन) कमी होतो, मग स्टिअरिंग सैल आणि थरथरणारं. म्हणूनच चांगला माणूस लिफ्टबरोबर अॅडजस्टेबल रॉड, लांब ब्रेक होस घालतो, अलाइनमेंट करून छापील रिपोर्ट हातात देतो. तुमच्या बिलात यातलं काही नाही. आणि तुम्ही पाठवलेल्या चौथ्या फोटोत ब्रॅकेटची तुटलेली कड झूम करून बघा, वेल्डजवळची निम्मी कड गंजून तपकिरी झालीय आणि उरलेली चकचकीत आहे. गंजलेला भाग अपघाताच्या आधीच तडकलेला असू शकतो, चकचकीत भाग त्या दिवशी तुटला. असू शकतो म्हणते, कारण अपघातानंतरही गाडी पावसात उभी होती आणि ते ठरवणं इंजिनिअरचं काम. स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअर नेमा, कंपनीला आणि गॅरेजला आधी लेखी कळवून त्यांच्यासमोर तपासणी करा. तोपर्यंत त्या कडेला हात लावू नका, ग्रीस नको, ब्रश तर नकोच.

आता खरी अडचण, जी तुमच्या मेलमध्ये तुमच्याही लक्षात आलेली दिसत नाही. विमा कंपनीला तुम्ही म्हणताय की लिफ्टचा काही संबंध नाही, बाईक आडवी आली. आणि त्याच मेलमध्ये खाली गॅरेजवाल्याला कोर्टात खेचायचंय कारण त्याच्या लिफ्टमुळं अपघात झाला. दोन्ही शपथेवर लिहिता येणार नाही. एका ठिकाणचं प्रतिज्ञापत्र दुसऱ्या ठिकाणी तुमच्याविरुद्ध हजर होणार, शिवाय फौजदारी केसमध्ये, जिथं तुमच्यावर निष्काळजी चालवण्याचा आरोप आहे, तिथं ‘थरथर मला आधीपासून माहीत होती’ हे वाक्य तुमच्याच गळ्यात येईल. म्हणून इंजिनिअरचा रिपोर्ट येईपर्यंत कुठंही अपघाताचं कारण ठामपणे लिहू नका. काय दिसलं, काय केलं एवढंच लिहा, आणि तिन्ही प्रकरणं एकाच वकिलाला दाखवा, तीन वेगवेगळ्या ओळखीच्यांना नको.

रिपोर्ट आला की वाट आपोआप ठरेल. ब्रॅकेट दुभाजकाच्या धक्क्यानं तुटला असं निघालं तर विमा कंपनीमागं लागा. आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल, तिथं फी नाही, वकील लागत नाही आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. मात्र आधी ग्राहक आयोगात गेलात तर लोकपाल तुमचं ऐकणार नाही, हा क्रम उलटा करू नका.

ब्रॅकेट आधीच तडकलेला निघाला तर विमा कंपनीकडून फार अपेक्षा नको, टक्क्यांवर तडजोड झाली तर घ्या, आणि गॅरेजवर जिल्हा ग्राहक आयोगात सदोष सेवेची तक्रार करा, दोन वर्षांची मुदत असते. तो म्हणणार की लिफ्ट बेकायदा आहे हे तुम्हालाही माहीत होतं, बिल खोटं आहे हेही माहीत होतं, मग आता ओरडता कशाला. या बचावात दम आहे, खोटं कशाला बोलू. आपलं उत्तर असं की बेकायदा काम मागितलं म्हणून ते कच्चं वेल्ड करायचा परवाना त्याला मिळत नाही, आणि थरथरीची तक्रार केल्यावर बॅलन्सिंग करा म्हणून परत पाठवणं ही वेगळी, स्वतंत्र कुचराई आहे. ती तक्रार तुम्ही व्हॉट्सअॅपवर केली होती ना, ते चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका सध्या. लिफ्टचे पैसे परत मिळणं मला अवघड वाटतं, दुरुस्तीच्या खर्चात काही वाटा मिळू शकतो.

स्टॉक करायची इच्छा चुकीची नाही, वेळ चुकीची आहे. दोन्ही सर्व्हे आणि इंजिनिअरची तपासणी झाली की कोर्टाकडं अर्ज करून परवानगी घ्या, मग खुशाल ओरिजिनल स्प्रिंगा बसवा, टायर मूळ साइजचे घाला, अलाइनमेंटचा रिपोर्ट घ्या. काढलेले स्प्रिंग, स्पेसर, शॉक आणि तो तुटका ब्रॅकेट पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवा, ऑनलाइन विकायला काढू नका. तोवर गाडी रस्त्यावर आणू नका, कुठं न्यायची झाली तर टो करून न्या. आणि नोटिशीवरची तारीख मला मेलमध्ये सापडली नाही, ती आज बघा, कारण बाकी सगळ्याला थोडी सवड आहे, तिला नाही.