संमतीपत्रात ‘गरज पडल्यास पोट उघडून’ असं लिहिलंय. मग पित्ताशय दुर्बिणीने काढायला होकार द्यावा का?

द्या. पण सही करण्याआधी त्या ओळीचा अर्थ डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. माझ्याही संमतीपत्रात ती होती, आणि माझ्या बाबतीत ती खरी ठरली.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बहुधा चार छोटी छिद्रं पाडतात आणि आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. (नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो तो या वायूमुळे, घाबरू नका.) पित्ताशयाची नळी आणि त्याला रक्त देणारी धमनी, या दोन्ही स्पष्ट दिसल्या की मगच क्लिप लावून कापायच्या. खरी कसोटी इथेच लागते. यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी मुख्य पित्तनलिका अगदी शेजारी असते. जुनी सूज असली की सगळं एकमेकांना चिकटतं, आणि चुकून ती नलिका कापली गेली तर पुढचं दुखणं फार मोठं.

माझं पित्ताशय वारंवार सुजलेलं. शुद्धीवर आले तर उजव्या बरगडीखाली लांब चीर! काहीतरी बिघडलं, असं वाटून मला रडूच कोसळलं. सर्जन म्हणाले, “नळ्या ओळखू येईनात, म्हणून दुर्बीण बाजूला ठेवली.” त्यांच्या त्या निर्णयाचे मी आजही आभार मानते. दुर्बिणीनंतर बरेच जण दुसऱ्या दिवशी घरी जातात, मला सहा दिवस लागले. खोकताना जखमेवर उशी दाबून धरायची, हे नर्सनी शिकवलं आणि त्याने खूप आराम पडला.

1882 मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढलं, तेही पोट उघडूनच. दुर्बिणीने ते 1985 मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी काढलं. म्हणजे मधली शंभर वर्षं सगळे रुग्ण चीर घेऊनच बरे होत होते.

दुर्बिणीचं काम बेंबीतल्या एकाच छिद्रातून केलं तर व्रण लपतो, पण तिथे हर्नियाची शक्यता वाढते. काही ठिकाणी ही शस्त्रक्रिया रोबोटने करतात, पण तो रोबोटही सर्जनच चालवतात; पित्ताशयातल्या साध्या खड्यांसाठी त्याचा हट्ट धरू नये असं मला वाटतं.

सर्जनना एवढं जरूर विचारा: नळ्या स्पष्ट दिसल्या नाहीत तर तुम्ही काय कराल? आणि मुख्य नलिकेत खडा नाही ना, हे तपासलंय का? तोवर ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.