जिना चढताना जबडा दुखतो, ईसीजी मात्र नॉर्मल

प्रश्न: आईचं वय 58, शुगर बऱ्याच वर्षांपासून. गेला महिनाभर जिना चढताना किंवा जेवून लगेच चालायला गेली की तिचा जबडा आणि घसा आवळल्यासारखा होतो, दोन-तीन मिनिटं बसली की थांबतं. छातीत काहीच नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले दात ठीक आहेत, ईसीजीही नॉर्मल आला. बाबा म्हणतात पित्त असेल, ओवा खा. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: ओवा राहू दे, आईंना उद्या-परवाच हार्टच्या डॉक्टरांकडे न्या. कधी दुखतं आणि कशाने थांबतं हे तुम्ही नीट लिहिलंत ते फार बरं केलं, कारण चाललं की येतं आणि बसलं की जातं हे अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या दुखण्याचं, अगदी नेहमीचं लक्षण आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी नळ्यांत चरबी साचून वाट अरुंद झाली की बसल्या जागी पुरेल एवढं रक्त जातं, पण जिना चढताना हृदयाला जास्त लागतं आणि ते मिळत नाही, मग दुखायला लागतं. आणि ते छातीतच दुखेल असं काही नाही, जबडा, खांदा, हात, पाठ, पोटाचा वरचा भाग कुठेही दुखू शकतं. बायकांना आणि शुगरवाल्यांना तर कधीकधी नुसता दम लागतो, घाम येतो नाहीतर कारण नसताना गळून गेल्यासारखं होतं, त्यामुळे सिनेमातल्यासारखं छाती धरून कोसळायची वाट बघत बसू नये.

आता ईसीजी. तो झोपवून, दुखत नसताना काढलेला, तेव्हा अंजायना असूनही बऱ्याचदा नॉर्मलच येतो. त्याच्यावर निर्धास्त होणारे लोक बघितले की मला खरंच काळजी वाटते. स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) करायची की सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या नळ्यांचा स्कॅन) हे डॉक्टर तपासून ठरवतील, दुखणं नवीन आहे म्हणून स्वतःहून लॅबमध्ये जाऊन ट्रेडमिलवर पळवू नका प्लीज.

तोपर्यंत जिने, जड पिशव्या, जेवणानंतरचं चालणं बंद. बसल्या जागी दुखलं, थोड्याशा हालचालीनेही यायला लागलं, किंवा 10-15 मिनिटं थांबलंच नाही, किंवा सोबत घाम किंवा दम असेल तर सरळ 108 ला फोन करा, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. ॲस्पिरिन द्यायची का ते फोनवरच विचारा, कारण ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर ती चालत नाही. शेजाऱ्यांकडची जिभेखालची गोळीही (हृदयाच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवतात ती) परस्पर देऊ नका, बीपी एकदम खाली येऊ शकतं. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्या, शुगरचे रिपोर्ट आणि तो नॉर्मल ईसीजीसुद्धा सोबत घ्या.